बाळूला म्हणालो, पाणी पी

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोला ठाऊक आहे, पण तिचंही तोंड मीच बंद केलं. कसं, ते सांगतो.

नव्वदच्या दशकात मला प्रोस्टेटचा कॅन्सर झाला. पुण्याला जाऊन किरणांचे शेक घेतले, बरा झालो. कसबा बावड्यात मात्र सगळ्यांना सांगितलं, मुतखडा होता. का? लाज — दुसरं काय? असल्या जागेचा आजार म्हटल्यावर मी कामाला होतो त्या कारखान्यातली माणसं हसतील, असं वाटलं. हुपरीत चांदीचं काम करणारा माझा सख्खा धाकटा भाऊ बाळू, त्यालाही मुतखडाच सांगितला.

पुढं बरीच वर्षं रक्तातला पीएसए — आजार परत डोकं वर काढतोय का, ते दाखवणारा आकडा — शांत होता. मग चढायला लागला. डॉक्टरांनी इंजेक्शनं सुरू केली आणि विचारलं, "भाऊ आहे का? पन्नाशी ओलांडली असेल तर त्यालाही तपासून घ्या. हा आजार घराण्यात असू शकतो." मी मान हलवली. नुसती मान.

त्याच दिवाळीत बाळू आला. जेवणं झाल्यावर हळूच म्हणाला, "दादा, लघवीला लई येळ लागतोय. दावून येऊ का एकदा?"

एका वाक्याचं काम होतं. पण मग माझा मुतखडा खोटा ठरला असता — म्हणून म्हणालो, "वय झालं की हुतंय रं. पाणी पी भरपूर."

बायकोनं आतून ऐकलं. तो गेल्यावर म्हणाली, "भावजींस्नी खरं सांगा, न्हाय तर मी सांगते." मी तिच्यावर हात उगारला. माहेरची वाट दाखवली. ती गप्प झाली. हीच मर्दानगी जपत होतो मी — थू त्या मर्दानगीवर.

पुढच्या वर्षी बाळूची पाठ धरली. तोच आजार हाडांत उतरला होता. दवाखान्यात मीच नेलं. "लवकर यायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले, आणि मी त्याच्या शेजारी बसून ते ऐकलं. तेव्हा तरी बोललो का? नाही. संतापायचं कुणावर? डॉक्टरांनी सांगितलं होतं, बायकोनं सांगितलं होतं. राहिलो मीच.

बाळू गेला. माझा आकडा इंजेक्शनांनी खाली आलाय, मी जगतोय.

बाराव्याला त्याची बायको माझ्या पाया पडली. "दादा, तुमी हुता म्हणून त्यांचं सगळं झालं," म्हणाली.

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.