उचललेला बेलभंडार

किशनराव मुकादम नांदेडच्या मोंढ्यात पोती वाहता वाहता म्हातारा झाला. भोकरकडच्या खेड्यातून आला तेव्हा त्याला मिसरूडही फुटलं नव्हतं. पुढं हमालांचा मुकादम झाला. नाल्याकाठच्या सरकारी जागेवर त्यानं चार पत्रे ठोकले, त्याच्या मागं बाकीचे हमाल आले आणि बघता बघता गल्ली झाली. सरकारचा न्याय बघा. राहणं बेकायदेशीर, पण मत कायदेशीर! निवडणूक लागली की मोठमोठ्या गाड्या त्याच बेकायदेशीर नाल्यावरून उड्या मारत गल्लीत यायच्या.

किशनरावला एकाच गोष्टीचा माज होता. "डॉक्टर-वकिलांच्या कॉलनीत नवरा इकडं मत देतो अन् बायको तिकडं. आमची गल्ली फुटत न्हाई." आणि खरंच फुटत नव्हती. मुकादम सांगेल तिथं गल्ली.

त्या लोकसभेला मोठ्या पक्षाकडून शिवशंकरराव उभे होते. नाल्यावरून रस्ता काढू आणि दोन्ही काठांची घाण साफ करू, असं ते भर सभेत बोलले. टाळ्या पडल्या. घाण म्हणजे कोण, हे गल्लीला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. गल्लीला आसरा एकच, आप्पासाहेब. ते पूर्वी नगरसेवक होते आणि एकदा गल्ली पाडायला आलेल्या जेसीबीपुढं आडवे झाले होते. पक्षानं तिकीट नाकारलं म्हणून त्यांनी अपक्ष अर्ज भरला आणि तडक गल्लीत आले. किशनरावच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मुकादम, तुमच्या जिवावर उडी मारलीय."

एवढ्या शब्दानं मुकादमाची छाती फुगली. नोटा वाटणारे येणार आणि एखाद-दुसरं घर घसरणार, हे त्याला माहीत होतं. म्हणून त्यानं लिंबाखालच्या खंडोबाच्या ठाण्यावर सगळ्या गल्लीला बेलभंडार उचलायला लावला. तळहातावर बेलाचं पान, पानावर हळद, दुसरा हात लेकराच्या डोक्यावर; शपथ मोडली तर लेकराला बाधणार. त्याच्या बायकोनं, गुणाबाईनं, नातीच्या, शिवांगीच्या डोक्यावर हात ठेवला.

"मुकादम, चिन्ह कोणतं म्हनायचं?" कुणीतरी विचारलं.

अपक्षाला चिन्ह मिळतं ते अर्ज मागं घ्यायची मुदत सरल्यावर. तोवर कशाचं नाव घेणार? किशनराव कावला. "म्हना, आप्पासाहेब सांगतील ते बटन. झालं!"

सगळ्यांनी म्हटलं, मुकादमानंही.

अर्ज मागं घ्यायच्या शेवटच्या दिवशी आप्पासाहेबांनी अर्ज मागं घेतला. संध्याकाळी टीव्हीवर ते आणि शिवशंकरराव एकाच हारात मान घालून हसत उभे होते.

किशनराव जेवणाच्या ताटावरून उठला आणि तसाच आप्पासाहेबांच्या बंगल्यावर गेला. तिथं माणसांची गर्दी होती.

"या मुकादम! चहा आणा रे."

"चहा ऱ्हाऊ द्या. हे काय करून राहिलाव तुम्ही?"

"राजकारण आहे हो. वरून फोन आला. मी आत असलो तर तुमचंच काम होईल ना?"

"मग गल्लीला मोकळं करा. ज्याला वाटंल त्याला मत द्या म्हना."

आप्पासाहेबांच्या कानावर सगळं आधीच गेलं होतं. "बेलभंडार उचललाय म्हणे गल्लीनं? मी सांगेन त्या बटनावर?" ते गर्दीकडं बघून हसले. "मग चारचौघांत सांगतो. शिवशंकररावांचं बटन. सांगून टाका सगळ्यांना."

घरी आल्यावर गुणाबाईनं कपाळावर हात मारला. "आवं, इच्यारायला कशाला गेलाव? गेलाच नसता तर आप्पासाहेबानं आमाला कायबी सांगितलं न्हाई, असं देवाला म्हनता आलं असतं. आता सांगितलं की त्यानं!"

सकाळी किशनराव ठाण्यावर उभा राहिला आणि ओरडून म्हणाला, "म्या उचलायला लावला, म्याच उतरवून राहिलो. पाप माझ्या डोक्यावर. शिवशंकरला मत द्याल तर घरावर नांगर फिरंल!"

शेजारची सिद्धम्मा, देगलूरकडची म्हातारी, शांतपणे म्हणाली, "मुकादम, हात आमचा होता, डोकं आमच्या लेकराचं होतं. पाप तुमच्याकडं कसं येईल? ते काय मोंढ्यातलं पोतं हाय का, ह्या पाठीवरून त्या पाठीवर टाकाया?"

कुणी हसलं नाही. घर गेलं तर पत्रे पुन्हा ठोकता येतात, लेकरू गेलं तर काय ठोकणार? मतदानाच्या दिवशी बाया एकमेकींकडं न बघता रांगेत उभ्या राहिल्या. गुणाबाईही तीच शपथ पाळून आली. एकट्या किशनरावनं दुसरं बटन दाबलं. गप्प बसला असता तर देवाशिवाय कुणाला कळलं नसतं. पण तोंडाला लगाम कधीच नव्हता. केंद्राबाहेरच गरजला, "म्या न्हाई दिलं त्या भाड्याला मत!"

शिवशंकरराव धो धो मतांनी निवडून आले. त्या ढिगात गल्लीची मतं कुठं होती, हे त्यांच्या गावीही नव्हतं. ती नसती तरी गुलाल तेवढाच उडाला असता. पावसाळा सरला आणि घराघरावर लाल खुणा पडल्या. मग जेसीबी आला. आप्पासाहेबांचा फोन बंद होता.

तोवर गल्लीनं कारण शोधून ठेवलं होतं. शिवशंकररावांचं नाही, आप्पासाहेबांचं नाही. मुकादमानं बेलभंडार मोडला म्हणून ठाणं कोपलं. शिवांगीला ताप भरला तेव्हा गुणाबाईनं त्याला उशाशी बसू दिलं नाही. "तुमी लांब ऱ्हावा," एवढंच म्हणाली.

आता ती सगळी घरं शहराबाहेर आसना नदीकडच्या माळावर पडलीत. किशनरावचे पत्रे सगळ्यांपासून तुटून, कडेला. परवा महापालिकेच्या निवडणुकीची हवा सुरू झाली आणि आप्पासाहेबांचा माणूस मोटारसायकलवर आला. किशनराव दारात बसला होता. त्याच्या समोरून पुढं जाऊन त्या माणसानं सिद्धम्माला विचारलं, "मावशी, इथली मतं कुणाच्या शब्दावर हायत? मुकादम कोण?"

तिनं दुसऱ्याच घराकडं बोट केलं.