काकूंच्या हिरव्या खुणा

भूतबित मी मानत नाही, हे आधीच सांगते. जरीपटक्याच्या बाजारात तिसऱ्या मजल्यावर राहते. इथल्या हॉर्नपुढे कुठलं भूत टिकणार? तरी मागच्या उन्हाळ्यातलं हे लिहायलाच हवं...

मी डच औषध कंपन्यांच्या लॅबचे कागद इंग्रजीत आणते. हे काम मला मंदाकाकूंनी शिकवलं. मूळच्या पारशिवनीच्या, नवऱ्याच्या नोकरीपायी पंधरा वर्षं हॉलंडमध्ये राहिलेल्या. ‘हाउटबारहेइट’ म्हणजे औषध किती काळ टिकतं ते – हा त्यांनी शिकवलेला पहिला शब्द. पण त्यांचा खरा जीव आकड्यांवर. "शब्दाचं मंग पाहू, पयले आकडे वाच वं!" काम पाठवण्याआधी मी मूळ कागदातले आकडे मोठ्याने वाचायचे आणि त्या भाषांतरात बरोबरची खूण करत जायच्या. काकू डावखुऱ्या, हिरव्या पेन्सिलीची त्यांची खूण नेहमी उलटी पडायची.

शेवटी दवाखान्यातही तेच – "आकडे वाचून घेतले का वं?"

"हो काकू," मी म्हणायचे. साफ खोटं. एकटीने कोणाला वाचून दाखवू, म्हणून मी ते सोडूनच दिलं होतं.

काकू गेल्यावर दोन महिन्यांनी लहान मुलांच्या एका इंजेक्शनचे कागद आले. भाषांतराची प्रिंट टेबलावर ठेवली आणि भरदुपारी कुलूप लावून खाली लिंबं आणायला गेले. घरात कोणी नव्हतं, किल्ली माझ्या पर्समध्ये. परत येऊन पाहते तर – प्रत्येक आकड्यापुढे हिरवी खूण. उलटी! फक्त एक आकडा सोडून.

मी लगेच मूळ कागद काढला. साठवणीचं तापमान तिथे ५ अंश होतं. मी वरच्या ओळीतलं २५ उतरवलं होतं. तसंच गेलं असतं तर... कुठल्या तरी लेकराला बिघडलेलं औषध टोचलं गेलं असतं. आकडा दुरुस्त केला आणि तिथेच बसून रडले. भीतीने नाही. जाता जाताही ज्या बाईला माझ्या कामाची काळजी होती, तिला मी रोज फसवत होते, म्हणून.

नवरा म्हणाला, "तूच केल्या असशीन खुणा, अन् विसरून गेली." असेलही. पण मी उजव्या हाताने लिहिते, आणि आमच्या घरात हिरवी पेन्सिल नाही.

उलगडा आजही झालेला नाही. आता काम पाठवण्याआधी मी समोरच्या रिकाम्या खुर्चीला सगळे आकडे मोठ्याने वाचून दाखवते. वाचून झालं की म्हणते, "हो काकू, घेतले वाचून."

आता ते खरं असतं.