दादाची वैद्यीण

आमच्या घरात कॉलेजात जाणारा मीच पहिला, लिहिण्याचा अधिकार मला नाही, तेव्हा चुकलं तर माफ करा. पण प्रयोगशाळेत जुन्या कॉम्प्युटरच्या तापलेल्या धुळीचा वास आला आणि मिरजोळ्याची ती खोली आठवली. तिथल्या कारखान्यात काम करणाऱ्या मावसभावाने मला शिकायला जवळ ठेवलं होतं. त्याच्या कॉम्प्युटरवर एक जुना, अवघड गेम होता: सहा जणांची टोळी, प्रत्येक पाऊल विचार करून टाकायचं, आणि लढाईत मेलेला माणूस परत येत नाही. "मेला तो मेला. म्हणून तर जपून चालायचं, त्यातच मजा," दादा म्हणायचा. दोन वर्षं त्याने ती टोळी जपली होती. तो कामावर असताना एका दुपारी मी न विचारता खेळायला बसलो, घाईत टोळीतल्या त्याच्या लाडक्या वैद्यिणीला पुढे नेलं आणि ती मेली. गेमने ते लगेच नोंदवलं, आता मागे फिरता येईना. ते एक मरण लपवायला मी सगळा खेळच पुसून टाकला. "दादा, दुपारी वीज गेली नि सगळं उडालं." त्याने कॉम्प्युटर बंद केला. मग म्हणाला, "जाऊ दे. तू जेवलास काय?" त्यानंतर तो कधी खेळला नाही, पुढे पुण्याला गेला, फोनही थांबले. माझं खोटं खपलं, असंच मी धरून चाललो होतो. काल त्या खोलीच्या मालकीणकाकू बाजारात भेटल्या. म्हणाल्या, "काय झालेलं रे तेव्हा? तुझा दादा कामावरून आला त्या संध्याकाळी विचारत होता, काकू, दुपारी वीज गेलेली काय? मी म्हटलं, नाय बा, मी तर दुपारभर टीव्ही बघत होते."