वैनीचा हात

मेंढीच्या पोटाखाली हात घातला की ती गाभण आहे की खाली, हे माझ्या वैनीला बरोबर कळतं. मलाही कळतं. आणि तिच्या कितीतरी आधीपासून कळतं, हे मी अगोदरच सांगून टाकते, कारण माहेरी आता ते कुणी सांगत नाही.

माहेर कुरुंदवाडच्या पुढं, नदीकाठच्या एका गावात. घर धनगराचं. मागच्या अंगणात वाघर लावलेली, म्हणजे मेंढरांभोवतीची जाळी, आणि जाळीपलीकडं लोकांचा ऊस. मी राहते कोल्हापुरात, राजारामपुरीत, एका कोचिंग क्लासच्या वरच्या फ्लॅटमध्ये. नवरा शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत आहे. इथं माझ्या हाताची परीक्षा भाकरी फुगते की नाही एवढ्यावरच संपते. माहेरी मात्र त्या हाताला मान होता.

हे मला आबांनी शिकवलं, माझ्या वडिलांनी. आधी दादाला शिकवून बघितलं, पण दादाला धीर नाही, तो मेंढीचं पोट कणीक मळल्यासारखं दाबायचा. मी तेव्हा शाळेत होते. सकाळी मेंढरं चरायला सोडायच्या आधी, पोट रिकामं असताना, आबा मेंढी दोन गुडघ्यांत धरायचे आणि माझे दोन्ही तळवे कासेच्या पुढं, पोटाखाली ठेवायचे. "ढकलू नको. हळू उचल आन सोड. मग गप ऱ्हा. असलं तर ते परत येतंय." आणि यायचं. पाण्यातल्या नारळासारखं काहीतरी टणक वर जायचं आणि सावकाश तळव्यावर येऊन टेकायचं. खाली मेंढी असली तर नुसतंच पोट, मऊ आणि मुकं. चरून आलेली मेंढी मात्र भल्याभल्यांना फसवते. उसाचा पाला पोटभर खाल्लेली कुठलीही मेंढी गाभणच वाटते.

पुढं आबांना साखरेचा आजार लागला आणि त्यांची बोटं बधिर झाली. कडक चहाचा पेला हातात धरला तरी त्यांना चटका कळेना. तेव्हापासून दरवर्षी दिवाळीच्या आधी, मेंढ्या विणीला यायच्या अगोदर, मला त्यांचा फोन यायचा. "तुझा हात पायजे." गाभण मेंढ्या वेगळ्या काढून त्यांना मक्याचा भरडा चालू करायचा आणि खाली राहिलेल्या व्यापाऱ्याला द्यायच्या, हे सगळं त्या हातावर ठरायचं. मी बिल्डिंगमधल्या बायकांना सांगायचे, गावाकडं माझ्यावाचून अडलंय. तेव्हा माझी मान फार ताठ असायची.

मग एका वर्षी मुलीला डेंग्यू झाला आणि मला जाता आलं नाही. आबांनी वैनीचे हात धरून मेंढीच्या पोटाखाली ठेवले. दादानं ते मला फोनवर मोठ्या कौतुकानं सांगितलं, "आगं, तुझ्या वैनीलाबी जमतंय की." मुलगी सलाईनवर, आणि माझ्या डोक्यात एकच, आबा तिलाही "परत येतंय" म्हणाले असतील का. म्हणाले असणारच. दुसरं काय म्हणणार?

त्यानंतरही आबांचा फोन येत राहिला, पण शब्द बदलले. आता ते म्हणतात, "येऊन जा." हात पाहिजे, असं म्हणत नाहीत.

वैनी सीमेकडच्या गावातली, माहेरी कानडी बोलणारी. ती मेंढरांना "बा, बा" म्हणून बोलावते. आमची मेंढरं सात पिढ्या मराठी शिव्या खाऊन वाढलेली, पण ती आता कान टवकारून तिच्यामागं जातात. मी हाक मारली तर मान वर करतात, ही कोण बाई म्हणून बघतात आणि पुन्हा खाली घालतात. मला मेंढरांचासुद्धा राग येतो. हसायचं तर हसा.

गेल्या दिवाळीआधी मी पहिल्या एसटीनं गेले. काम करायच्या तयारीनं, नखं कापून. अंगणात पाऊल टाकलं तर निम्म्या मेंढ्यांच्या कपाळावर लाल कावेचा टिपका. टिपका म्हणजे गाभण. वैनीनं आदल्या सकाळीच सगळा कळप तपासून टाकला होता.

"आलासा व्हय वन्सं? बसा, च्या ठेवते," ती म्हणाली. "व्यापारी आज येनार हाय, म्हणून काल उरकून घेतलं. म्हटलं, तुमास्नी कशाला तरास."

मला त्रास होऊ नये म्हणून. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आबा कट्ट्यावर बसले होते. त्यांना म्हणाले, जरा मेंढरं बघून येते.

व्यापारी यायचा होता म्हणून मेंढरं अजून सोडली नव्हती, पोटं रिकामी होती. मी साडी खोचली, जाळीत शिरले आणि टिपक्याची एकेक मेंढी गुडघ्यांत धरून पुन्हा तपासायला लागले. कशासाठी, ते सरळच सांगते. मला वैनीची एक तरी चूक पाहिजे होती.

पहिली गाभण निघाली. दुसरीही. त्याच्या पुढच्याही. एका कोवळ्या मेंढीबद्दल मला शंका आली, मी पुन्हा पुन्हा उचलून सोडलं, तेव्हा कुठं अगदी आत काहीतरी बारकं बोटांना लागलं आणि निसटलं. एवढंसं तिच्या हाताला कळलं होतं. माझा तिळपापड झाला.

आणि मग कोपऱ्यातल्या एका मेंढीच्या पोटातून काहीच परत आलं नाही. पुन्हा उचललं, सोडलं, वाट बघितली. मऊ आणि मुकं. कास सुकलेली. कपाळावर टिपका मात्र चांगला ठसठशीत. मला मनातून गुदगुल्या झाल्या. मग मी तिचा कान बघितला. कानाला उभी चीर होती. ती माझी मेंढी होती.

लग्नात आबांनी मला एक मेंढी आंदण दिली होती. आमच्या घरात अशी मेंढी सासरी नेत नाहीत. ती माहेरच्या कळपातच राहते, तिच्या पोटची कोकरं लेकीची, आणि ओळखायला कानाला चीर. मी तरी राजारामपुरीत मेंढी ठेवणार कुठं, लिफ्टमध्ये? तिच्या वंशातल्या काही पुरात गेल्या, काही रोगात, काही माझ्याच बाळंतपणात विकल्या. उरली होती ही एकच. आधीच्या वर्षी ती खाली राहिली, तेव्हाच दादा म्हणाला होता, पुन्हा खाली निघाली तर ठेवायची न्हाय. ती गेली की त्या जाळीत माझं म्हणून काही उरणार नव्हतं.

म्हणजे वैनीची चूक दाखवायची तर माझी मेंढी जाणार, आणि मेंढी ठेवायची तर वैनीचा हात खरा ठरणार. मी बाहेर आले, हात धुतले आणि चहा प्यायला बसले. मी गप्पच बसायचं ठरवलं होतं, आणि बसलेही असते.

तेवढ्यात व्यापाऱ्याचा टेम्पो आला. आबा त्याला म्हणाले, "पावणं, टिपक्याच्या सोडून बाकीच्या बघा. सुनेनं तपासल्यात. माझ्यापेक्षा चांगला हात हाय तिचा. एकबी चुकत न्हाय."

माझ्यापेक्षा चांगला. मला ते असं कधीही म्हणाले नव्हते. मला म्हणायचे, "जमतंय." त्या एका "जमतंय"वर मी इतकी वर्षं काढली होती.

"एक चुकलीय," मी म्हणाले.

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी जाळीत गेले आणि चिरेच्या कानाला धरून तिला बाहेर ओढलं. "ही खाली आहे. बघा पाहिजे तर." व्यापाऱ्यानं वाकून पोटाखाली हात घातला. "व्हय की. खालीच हाय." दादानं एकदा वैनीकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मग म्हणाला, "खाली हाय तर चढवा." आबा रस्त्याकडं बघत बसले.

वैनी वाद घालेल असं मला वाटलं होतं. ती पुढं आली, पदराचं टोक ओलं करून तिनं मेंढीच्या कपाळावरचा टिपका पुसला. मेंढी टेम्पोच्या फळीवर चढेना. मी ढकललं, दादानं ढकललं. वैनी टेम्पोजवळ उभी राहून "बा, बा" म्हणाली आणि माझी मेंढी निमूट चढून गेली.

टेम्पो गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेले. जिंकल्यासारखं वाटत होतं, पण धड नाही. म्हणाले, "चुकतं एखादं. एवढं मनाला लावून घेऊ नका."

"चुकलं न्हाय," ती भांडी घासत म्हणाली. "ती खाली हाय ते मला कालच कळलंतं."

"मग टिपका कशाला लावला?"

"तुमची एकच राहिलीया. ती गेल्यावर तुमी कशाला येशीला?" तिचा आवाज नेहमीसारखाच, शेजारच्या घरात जाईल एवढा. "तुमच्यासाठी न्हाय केलं, मामंजींसाठी केलं. तुमी येनार म्हटलं की त्यास्नी जेवान गोड लागतंय. औशीद मी द्यायचं, मेंढरं मी बघायची, वरीसभर त्यांचं समदं मी करायचं, आन गावात सांगत काय फिरत्यात? माझ्या लेकीचा हात म्हंजे हात. मला तोंडावर कवा चांगलं म्हटल्यात? आज पावण्याम्होरं बोलले ते पयल्यांदा. तेबी तुमी ऱ्हाऊ दिलं न्हाय."

खोटं कशाला बोलू, सगळ्यात आधी मला आनंद झाला. आबा गावात माझ्या हाताचं सांगत फिरतात. आणि ही बाई, जिच्यावर मी इतकी वर्षं जळत होते, ती तितकीच माझ्यावर जळत होती. त्या आनंदात मी चांगली उभी होते. मग तिचं शेवटचं वाक्य मला नीट कळलं आणि तिथं उभं राहणं अवघड झालं. मी घासलेली भांडी विसळायला घेतली. तिनं नको म्हटलं नाही.

दुपारी मी निघाले तेव्हा आबा कट्ट्यावरच होते. "गेली व्हय तुझी," ते म्हणाले. "मग फुडच्या साली काय बघाया येशील?"

तुम्हाला बघायला येईन, एवढंच म्हणायचं होतं. आमच्यात असं कुणी कुणाला म्हणत नाही. मी पिशवीचा बंद नीट करत राहिले. वैनी भरड्याची पाटी घेऊन मागनं चालली होती. ती न थांबता म्हणाली, "माझ्या चुका काढाया येतील की, मामंजी. त्याला मेंढी कशाला लागती?"

आबा हसले. दादाही हसला. मी एसटीत बसले तेव्हा माझे कान तापले होते, कारण तिनं आबांसमोर बोललेलं ते खरं होतं.

आता पुन्हा दिवाळी जवळ आली आहे. काल फोन आला, आबांचा नाही, वैनीचा. "परवा टिपके लावणार हाय," ती म्हणाली. "येतासा न्हवं चुका काढाया?" मी म्हणाले, येते. नखं कापून ठेवली आहेत. एक तरी सापडेलच.