अंगात आलेली भीती

अमळनेरला कोकिळाबाई पाटलांच्या घरी श्रावणात खानदेशची देवी कानबाई बसे, त्या रविवारी दिवेलागणीपासून बायकांची रीघ लागे. दर्शन कानबाईचं असे, पण निम्म्या बायका नमस्कार करून मागे वळत आणि कोकिळाबाईंच्या पाया पडत. कोकिळाबाई पाय मागे घेत. बायकांना तोही विनयच वाटे.

बाकी वर्षभर त्या बाजारपेठेमागच्या गल्लीत ब्लाउज शिवत, साड्यांना फॉल-पिको करत. चष्मा नाकावर, टेप गळ्यात, तोंडात टाचण्या. कुणी माप द्यायला आलं की कमी बोलणारी, कापड न खाणारी बाई. पण कानबाईच्या दिवशी त्यांच्यात आई उतरते, हे गल्लीला ठाऊक होतं. गल्लीलाच काय, धुळ्यापर्यंतच्या भाऊबंदांना ठाऊक होतं.

खरं काय ते एकट्या कोकिळाबाईंना ठाऊक होतं.

त्या शिरपूरच्या. लहानपणी त्यांच्या आळीत टीव्ही एकच होता, सुरेशचंद शेटजींकडे. रविवारी सकाळी आळीतली सगळी पोरं शेटजींच्या बैठकीत फरशीवर ओळीनं बसत. शेटाणी मोहनबाई आधी सगळ्यांचे पाय धुतलेत का बघत, मग बटण दाबत. तेव्हा बाहुल्यांचा एक हिंदी कार्यक्रम लागे. त्यात एक मौसी होती. तिचं डोकं नारळाचं, शेंड्या तशाच ठेवलेल्या, त्यावर पांढरे वाटोळे डोळे डकवलेले आणि खाली उघडझाप करणारा लाकडी जबडा. ती पोरांना अंक शिकवी, दात घासायला सांगी. कार्यक्रम संपताना ती हळूहळू पुढे येई, इतकी पुढे की काचेत नुसते डोळे उरत, आणि म्हणे, "मौसी सब देखती है."

बाकीची पोरं खिदळत. जबड्याची नक्कल करत. सात वर्षांची कोकिळा मात्र फरशीची फट नखानं कोरत बसे. न पाहण्याचीही सोय नव्हती. पाहिलं नाही तर मौसीला ते दिसणार, असं तिला वाटे. घरी ती न्हाणीत एकटी जाईनाशी झाली. नारळ फोडायचा असला की उठून अंगणात जाई. आईला वाटलं, पोरगी देवाच्या कामाला अळमटळम करते. दोन धपाटे बसले. पुढे कार्यक्रम बंद झाला, शेटजींकडे रंगीत टीव्ही आला, पोरं मोठी झाली. कोकिळाही मोठी झाली. भीती तेवढी सात वर्षांचीच राहिली.

लग्न ठरलं अमळनेरच्या छगनशी. एसटीच्या डेपोत मेकॅनिक, निर्व्यसनी. माहेरच्या कुळाला कानबाई नव्हती. आळीतल्या कुणाकडे असली, तरी पोर नारळापासून दूर पळते म्हणून तिला कुणी नेलं नव्हतं. सासरी पहिला श्रावण आला तेव्हा घर धुऊन पुसून लख्ख झालं, पितळी भांडी चिंचेनं घासली, नैवेद्याच्या रोटांचे गहू दळले गेले. नव्या सुनेनं हौसेनं सगळं केलं. सासूबाई पुष्पाबाईंनी, म्हणजे सगळ्यांच्या अक्कांनी, तिला चोळी शिवायला खण दिला. तिनं तो इतका नेटका शिवला की अक्कांनी पहिल्यांदाच तिच्याकडे धड मान वर करून पाहिलं.

मग केळीच्या खांबांमध्ये चौरंग मांडला. पडदा सरला. सुनेला पुढे ढकललं गेलं.

चौरंगावर नारळ होता. नारळाला नाक होतं, नथ होती, आणि पांढरे डोळे होते.

कोकिळा किंचाळली. तिचे दात वाजायला लागले, अंग लाकडासारखं ताठलं आणि ती खाली कोसळली. शुद्धीवर आली तेव्हा तिच्या कपाळावर मळवट भरलेला होता, मांडीवर नारळ-खण होता, आणि आदल्या दिवशीच भाकरी करपली म्हणून "तुना बापनी शिकाडं का व तुले?" असं विचारणाऱ्या अक्का तिच्या पायांवर डोकं ठेवून रडत होत्या.

"उनी व माय, आमना घर उनी!" आली, आई आपल्या घरी आली.

अशा वेळी एकोणीस वर्षांच्या मुलीनं काय म्हणायचं? टीव्हीतल्या बाहुलीला भ्याले म्हणायचं? ती गप्प राहिली. दुसऱ्या वर्षी तेच झालं. तिसऱ्या वर्षापासून तिनं युक्ती काढली. समोर बसवलं की ती डोळे मिटून घेई. भीतीनं हात कापतच असत. डोळे मिटले आणि हात कापले, की बायका म्हणत, आली. तिनं कधी घुमून दाखवलं नाही, केस मोकळे सोडले नाहीत, कुणाला अंगारा दिला नाही. लोक मानत होते, ते तिनं मोडलं नाही, एवढंच.

आणि मानण्यानं तिचं बरंच झालं होतं, हेही ती स्वतःशी नाकारत नसे. अक्कांचा आवाज तिच्यापुरता खाली आला. शिलाई मशीन आलं ते अक्कांनीच गळ्यातली पोत मोडून. कानबाईचं तोंड सजवायचं काम सुनेनं करायचं असतं, पण अक्का म्हणत, "जिच्यात ती येते तिनं तिचे डोळे कसे लावायचे?" आणि स्वतःच लावत.

एका वर्षी छगनला विषमज्वर झाला. मेंदूपर्यंत गेला म्हणाले. धुळ्याच्या दवाखान्यात तो बेशुद्ध असतानाच कानबाईचा रविवार आला. अक्का सुनेसमोर पदर पसरून बसल्या. "माय, मना पोऱ्या वाची का?"

मिटल्या डोळ्यांनी कोकिळा म्हणाली, "वाचेल."

छगन वाचला. तेव्हापासून अक्का तिला नुसतं कोकिळा म्हणेनात, कोकिळाबाई म्हणू लागल्या.

यंदा पुण्याहून मुलगा गोपाल, सून सोनल आणि त्यांची चार वर्षांची रोशनी आठवडाभर आधीच आली. रोशनी घास घ्यायची नाही. सोनल समोर मोबाइल लावी आणि भरवी. कोकिळाबाई बाजूला बसून काज करत होत्या. पडद्यावर फळं नाचत होती. कलिंगडाला डोळे, पपईला डोळे, गाणं गोड. एक वाटोळं फळ पुढे पुढे यायला लागलं, तसा रोशनीनं घास तोंडात धरून तळहात पडद्यावर दाबला.

"हात काढ, बघू दे ना," सोनल म्हणाली. "आई, बघा हो, रोज याच गाण्याला असं करते. आणि तेच लाव म्हणते!"

"नको लावत जाऊस ते," कोकिळाबाई म्हणाल्या.

"अहो, लहान मुलांचंच आहे. त्यात घाबरण्यासारखं काय आहे?"

कोकिळाबाईंची सुई थांबली. सांगावंसं त्यांना वाटलं. पण सून नव्या विचारांची, हसेल, आणि हसली तर अक्कांना सांगून हसेल. त्यांनी दोरा दातानं तोडला.

रविवारी दिवस मावळायच्या आत भाऊबंद जमले. धुळ्याची नणंद देवका चांगली तालेवार बाई. तिच्या आवाजाला दाराची गरज नसे.

"काय व वयनी, अजून चष्म्यातच? आज तरी माणसात ये. म्हणजे देवात ये!" ती हसली. "माझी विचारायची यादी मोठी आहे हो यंदा. धाकट्याचं लग्न, मोठ्याची बदली, आणि यांचे गुडघे."

"गुडघ्याचं डॉक्टरला विचारा, ताई."

"बघा! देवीसुद्धा आता डॉक्टरकडे पाठवायला लागली."

सगळ्या हसल्या. हसण्यातच पडदा सरला आणि कोकिळाबाईंनी सवयीनं डोळे मिटले.

किंकाळी त्यांच्या कानापाशी फुटली. ती त्यांची नव्हती.

रोशनी सोनलच्या कडेवर ताठ झाली होती. दात वाजत होते, नजर चौरंगावर खिळली होती. न पाहण्याचीही तिला सोय नव्हती.

"उनी!" देवकानं टाळी वाजवली. "आजीचीच नात ती! पोरीत आली गं माय! सोनल, खाली ठेव तिला. पुढे बसव. हळद आणा, कुंकू आणा."

"आत्या, ती घाबरलीय बहुतेक," सोनल म्हणाली. पण चाळीस बायकांच्या घरात सुनेचं 'बहुतेक' कुणाला ऐकू जातं? पोर तिच्या हातातून कधी गेली तेही तिला कळलं नाही. रोशनीला पाटावर बसवलं, चौरंगाच्या हातभर पुढे. कुणीतरी मागून खांदे धरले. कपाळावर हळदीचा हात फिरला. एक म्हातारी वाकली, दुसरी वाकली. देवका पदर पसरून बसली.

"सांग माय, मना धाकल्यानं लगीन कदी व्हई?"

रोशनीनं तळहात वर केला आणि त्या चेहऱ्याच्या दिशेनं हवेत दाबून धरला. तिथं पडदा नव्हता. हात तसाच लोंबकळत राहिला.

"आशीर्वाद देते!" बायका म्हणाल्या.

अक्का काठी टेकत उठल्या होत्या. पणतीच्या पायांकडे निघाल्या होत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, ते आनंदाचं होतं, आणि तेच कोकिळाबाईंना पाहवलं नाही. आता या पोरीला दरवर्षी आणतील. तिच्यासमोर पदर पसरतील. तिचा आवाज गेला तरी त्याला कौल म्हणतील. मोठी होऊन तीही डोळे मिटायला शिकेल.

कोकिळाबाई उठल्या, आणि उठताना त्यांना डोळे उघडावे लागले.

"सोडा तिला."

"वयनी, मधे नको—"

"खांद्यावरचे हात काढा म्हणते ना!" हा आवाज त्या घरानं कधी ऐकला नव्हता. त्यांनी पोरीला उचललं, तिचं तोंड आपल्या मानेत दाबलं. "पोर घाबरली आहे. तिच्यात कुणी आलेलं नाही."

"तुला काय माहीत?" देवका म्हणाली. "तुझ्यात येते तीच ना ही?"

"माझ्यातही कधी आली नाही."

वाकायला निघालेली एक म्हातारी तशीच सरळ झाली.

कोकिळाबाईंनी सांगितलं. शेटजींची बैठक, फरशी, नारळाच्या डोक्याची मौसी. ऐकताना ते किती लहान वाटत होतं! एका मुलीनं तोंडाला पदर लावून हसू दाबलं. "टीव्हीतली बाहुली?" कुणीतरी मागे पुटपुटलं. कोकिळाबाईंनी ते ऐकलं आणि पुढे बोलत राहिल्या. "आई आईच्या जागी आहे. तिला माझा नमस्कार आहे. पण तिचं तोंड पाहिलं की मला ती बाहुली दिसते. मी नुसती भ्यायची. तुम्ही पाया पडायच्या."

देवका फणकारली. "आणि एवढी वर्षं गिळून बसलीस? आम्ही काय येडे?"

"थांब व, देवका," अक्का म्हणाल्या. काठीवर दोन्ही हात ठेवून त्या कोकिळाबाईंकडे पाहत होत्या. "छगन दवाखानामा व्हता, तवय मी इचारं. मंग मी कोनले इचारं व्हतं?"

"मला ठाऊक नाही, अक्का. तुम्ही रडत होता. मलाही तो हवा होता. माझ्या तोंडून 'वाचेल' निघालं."

अक्का खाली बसल्या. पाटावर, पोरीला बसवलं होतं तिथेच. मग कुणाकडे न पाहता म्हणाल्या, "पोरले भायेर ली जा. आरती करा."

कोकिळाबाई ओट्यावर आल्या. आत टाळ सुरू झाले. रोशनीचे दात अजून वाजत होते. त्यांनी ओल्या पदरानं तिच्या कपाळाची हळद पुसली. सोनल मागोमाग आली आणि पायरीवर बसली. ती हसली नाही.

"मला सांगायचं ना, आई."

"तू कुठं 'बहुतेक'च्या पुढे गेलीस," कोकिळाबाई म्हणाल्या, आणि मग त्यांना वाईट वाटलं. त्यांनी सुनेच्या हातावर हात ठेवला.

रोशनीनं मान वर केली. "आजी, ती आत आहे?"

"आहे."

"तुला पण भीती वाटते?"

"वाटते."

"मोठी झालीस तरी?"

"हो गं."

रोशनीनं यावर विचार केला. भीती वाटू नये असं तिला आजवर सगळ्यांनी सांगितलं होतं. हो म्हणणारं माणूस पहिलंच. ती आजीच्या मांडीत सैल झाली आणि थोड्या वेळानं भूक लागली म्हणाली. सोनलनं पोळी आणली. मोबाइल आणला नाही.

त्या रात्री अक्का सुनेशी बोलल्या नाहीत. सकाळीही नाही. चहाचा कप मात्र त्यांनी तिच्याच हातून घेतला.

सोमवारी कानबाई विसर्जनासाठी नदीकडे निघाली. वाजंत्री, गुलाल, फुगड्या. चौरंग डोक्यावर घ्यायचा मान यंदा एका चुलत जावेला गेला. कोकिळाबाई पार मागे, नातीला कडेवर घेऊन चालत होत्या. घरच्या बायका त्यांच्या बाजूनं जाताना जराशा अडखळत, वाकावं की नाही हे न कळून, आणि पुढे निघून जात. इतक्या वर्षांत पायांना हातांची सवय झाली होती. पाय उगाचच मोकळे वाटत होते, आणि थोडे उघडेही.

बोरी नदीच्या उतारावर पलीकडच्या गल्लीतली एक बाई गर्दी कापत आली. कालचं तिला काही माहीत नव्हतं. हातात ओटीचं ताट, कडेवर तापानं मलूल झालेलं मूल. ती कोकिळाबाईंच्या पायाशी वाकली.

"माय, याचा ताप उतरत नाही. तू एवढं सांग..."

पूर्वी त्यांनी डोळे मिटले असते. बाई समाधानानं गेली असती. तिच्या चेहऱ्यावरची आस पाहिली आणि क्षणभर कोकिळाबाईंना वाटलं, एकदा म्हणावं, उतरेल. त्यात कुणाचं काय जातं?

त्या दोन पावलं मागे सरल्या.

"माझ्या पाया नको पडू, बाई. मी शिवणकाम करते. आई ती पुढे चालली आहे, तिला भेट. आणि याला आजच्या आज दवाखान्यात ने."

बाई गोंधळून पाहत राहिली. मग ताट सावरत वाजंत्रीच्या दिशेनं पळाली. कोकिळाबाई तिथंच उभ्या राहिल्या. पुढं गर्दीत अक्का काठी टेकत थांबल्या होत्या. त्यांनी मागं वळून सगळं पाहिलं होतं. त्या बाईनं जवळ येऊन काहीतरी विचारलं, तेव्हा अक्कांनी काठीनं आधी चौरंग दाखवला आणि मग दवाखान्याचा रस्ता.