मॅडमचे उरलेले पेपर

बायको वारली आणि मुख्याध्यापकांनी तिचा सातवीचा गणिताचा तास माझ्याकडे दिला. मी त्याच शाळेत इतिहास शिकवतो. दुसरं कोणी मिळेपर्यंत सांभाळा, म्हणाले. घटक चाचणी चार दिवसांवर होती आणि मला गणिताचा पेपर काढता येत नव्हता.

कपाटात तिच्या हातच्या जुन्या प्रश्नपत्रिका होत्या. त्यांचे फोटो मी मोबाईलमधल्या एआयला दिले आणि असेच दहा प्रश्न मागितले. लगेच आले. पहिल्याच प्रश्नात वडनेरहून नांदुऱ्याला निघालेली एक मावशी होती, तिची निम्मी वांगी वाटेतच विकली गेली होती. शेवटी कंसात लिहिलं होतं : आधी आकृती काढा, मग घाबरा.

मी सगळे जुने पेपर चाळले. ‘आधी आकृती काढा’ जागोजागी होतं. ‘मग घाबरा’ कुठेच नव्हतं.

चाचणीच्या दिवशी मी पेपर वाटले. पुढच्या बाकावरची मुलगी उभी राहिली.

“सर, हा मॅडमचा पेपर हाये ना? त्यायनं पहिलेच काहाडून ठेवला व्हता काय?”

मी हो म्हणालो.

“वर्गातबी असंच म्हनत मॅडम. मग घाबरा म्हनत.”

बाकीच्यांनीही माना हलवल्या. मुलांना खरंच आठवत होतं, की आत्ता वाचलं म्हणून आठवल्यासारखं वाटत होतं? विचारायचं धाडस झालं नाही.

त्यानंतर ती मुलगी रोज दारात थांबायची. “अजून किती हायेत मॅडमचे?”

“आहेत थोडे.”

“तुले कायले पाह्यजे व?” मागच्या बाकावरचा मुलगा म्हणायचा. “हाये तोच सुटून नाही राह्यला तुह्यानं.”

मोबाईलवर प्रश्नांच्या खाली ओळ असायची : आणखी दहा हवे आहेत का? मी हो म्हणत गेलो. वर्गासाठी नव्हे. शाळेतून आल्यावर चपलाही न काढता वाचत बसायचो. काही प्रश्नांत तर आमच्या लग्नाच्या सुरुवातीच्या दिवसांतली तिची थट्टा ऐकू यायची. एका संध्याकाळी बहिणीला तिचं एक बोलणं सांगत होतो आणि मध्येच थांबलो. ते ती बोलली होती, की मी मोबाईलवर वाचलं होतं, ते मला सांगता येईना.

दुसऱ्या चाचणीचा पेपर मी स्वतः काढला. आठच प्रश्न जमले, तेही रुक्ष. वाटण्याआधी वर्गाला सांगितलं, “मागचा पेपर मॅडमचा नव्हता. तो मी मोबाईलवरून काढून घेतला होता. मी खोटं बोललो.”

“म्हंजे मॅडमचे उरलेच नाहीत?” मागच्या बाकावरच्या मुलानं विचारलं.

“नाहीत.”

पुढच्या बाकावरची मुलगी उभी राहिली.

“मंग सांगतलं काऊन, सर?” ती म्हणाली.

मी तिच्या हातात पेपर दिला आणि शेजारच्या बाकाकडे गेलो.