शिवानीच्या जन्माची नोंद

बायडाबाईच्या डाव्या कानाची पाळी फाटलेली आहे. १९९२ च्या मे महिन्यात तिच्या थोरल्या भावानं, आकारामनं, कानातल्या फुलाला धरून तिला परड्यातून घरात ओढत नेलं, तेव्हाची ती. कोडोलीपासून सायकलच्या अंतरावर असलेल्या त्या गावात मी ग्रामसेवक होतो. लोक मला भाऊसाहेब म्हणत. मला लिहायची सवय नाही. ठराव आणि जन्ममृत्यूच्या नोंदी, एवढंच आयुष्यभर लिहिलं. त्यातली एक नोंद खोटी लिहिली, म्हणून हे सांगावं लागतंय. नीट सांगता येईल की नाही, कुणास ठाऊक.

गावाशेजारी तेव्हा दूध पावडरीचा कारखाना उभा राहत होता. यंत्रं डेन्मार्कची. ती बसवायला हेनिंग नावाचा इंजिनियर आला आणि वर्षभर तिथल्या विश्रामगृहावर राहिला. बायडा तिथं भाकऱ्या करायची. वय बावीस, आईवडील नाहीत, लग्न ठरायचं होतं. पुढं कधीतरी ती मला म्हणाली, "पावण्यानं जोर न्हाय केला भाऊसाहेब. मीच गेलते." त्यापेक्षा जास्त मी विचारलं नाही.

चौथ्या महिन्यात आकारामला कळलं. त्यानं बहिणीला ती पडेपर्यंत कासऱ्यानं मारलं. मग तीन गडी घेऊन विश्रामगृहावर गेला. हेनिंग दाढी करत होता. खोऱ्याच्या दांड्यानं त्याचा जबडा मोडला, दोन दात फरशीवर पडले. आकाराम बहिणीच्या नावानं ओरडत होता, पण मराठीत. त्या माणसाला मार का बसतोय हे कळलंच नाही. मजुरांचं भांडण समजून कारखान्यानं त्याला दवाखान्यातून परस्पर मुंबईला धाडलं आणि तिथून तो मायदेशी गेला.

घराण्याची अब्रू राखायला आकारामनं वेगळाच घाट घातला. बायडाला माळ्यावर कोंडलं आणि आपल्या बायकोच्या, धोंडुबाईच्या, पोटाला जुन्या लुगड्याचा बोळा बांधला. धोंडुबाईला लेकरू नव्हतं. ती बोळा बांधून पाण्याला जायची. बायका विचारायच्या, "कितवा गं?" ती महिना मोजून सांगायची. बोळा एकदा नळावर सुटला, तेव्हा बायकांनी तोंडं फिरवली. साऱ्या गावाला माहीत होतं.

दिवाळीच्या तोंडावर मुलगी झाली. तिसऱ्या दिवशी आकाराम पंचायतीत आला आणि टेबलावर ऊसतोडीचा कोयता ठेवला.

"लिवा भाऊसाहेब. बाप आकाराम, आई धोंडुबाई."

"आकाराम, हे सरकारी दप्तर आहे."

"मग काय लिवनार? बाप गोरा पावना, आई माझी भन? लिवा तसं. आन् बघा उद्या सकाळी तुमचं मुंडकं जाग्याव हाय का."

मी लिहिलं. कोयत्याला भ्यालो हे खरंच. पण पोरीला बापाचं नाव मिळतंय, आपण पुण्यच करतोय, अशीही मी मनाची समजूत घातली. तीच जास्त वाईट होती. कोयता तर त्यानं दोन मिनिटांत उचलून नेला.

बायडाबाई त्याच घरात राबत राहिली. शिवानी तिला आत्ती म्हणायची. पोरीला तिनं मांडीवर घेतलं की लाथ बसायची. एकदा तापात पोरीच्या तोंडून तिला "आई" असं गेलं, तर आकारामनं बायडाबाईचा हात दारात धरून दार ओढलं. करंगळी अजून वाकडी आहे.

२००४ साली शिवानी बारा वर्षांची झाली. आकारामनं तिची शाळा बंद केली आणि धोंडुबाईच्या भावाशी, केरबाशी, लग्न ठरवलं. केरबा तिशीचा. बायडाबाई आडवी आली तेव्हा तिला पेटत्या चुलीवर ढकललं. "पोरगी माझी हाय. कागूद बघ जा!" दंड भाजलेला, तशीच ती एसटीनं कोल्हापूरला कोर्टात गेली आणि दिसेल त्या काळ्या कोटाला विचारत सुटली. एक वकीलबाई थांबल्या. त्यांच्या तक्रारीवरून पोलिसांनी लग्न थांबवलं, पण पोरगी कागदावरच्या बापाकडंच राहिली.

वकीलबाईंनी कारखान्यातून यंत्राच्या कंपनीचा पत्ता मिळवला आणि हेनिंगला लिहिलं. लग्न झालेलं नसलं तरी मुलाला पोसायची बापावर जबाबदारी असते. आपल्याकडं तसा कायदा आहे, त्यांच्याकडंही आहे. दोन महिन्यांनी उत्तर आलं. त्यानं लिहिलं होतं की बायडा त्याला आठवते, मार कशासाठी बसला ते आज कळलं, आणि मूल त्याचं असेल तर तिथला कायदा त्याला सोडणार नाही, तोही पळणार नाही. रक्त तपासायला तयार आहे. फक्त तिथल्या कचेरीला जन्माचा दाखला हवा.

दाखल्यावर माझी सही होती. बाप आकाराम, आई धोंडुबाई.

मी निवृत्त होऊन कोडोलीत राहत होतो. बायडाबाई दारात आली ती बसलीच नाही.

"भाऊसाहेब, त्यो द्यायला तयार हाय, कायदा तयार हाय. तुमचा कागूद आडवा पडलाय. नोंद बदलायचा अर्ज वकीलबाईंनी घातलाय. कोर्टात येऊन सांगा, खोटं लिवलं म्हणून."

"माझ्यावर केस होईल. पेन्शन थांबेल."

"थांबू दे की! माझी पोरगी केरबाच्या खाली घालायची काय तुमच्या पेन्शनीसाठनं?"

मी येतो म्हणालो. आवाज इतका बारीक होता की तिनं पुन्हा म्हणायला लावलं.

साक्षीच्या आदल्या दिवशी दुपारी आकाराम आला. दारू प्यालेला. मला ओसरीवर आडवं पाडून त्यानं विचारलं, "कुठल्या हातानं सही करनार? ह्या?" आणि पाट्याचा वरवंटा उजव्या हातावर घातला. हाडाचा आवाज मी ऐकला, दुखायला मागाहून लागलं. त्यानं वरवंटा दुसऱ्यांदा उचलला तेवढ्यात बायडाबाई आली. मला कोर्टाची वेळ सांगायला आलेली. तिनं कोपऱ्यातलं मुसळ घेतलं आणि भावाच्या गुडघ्यावर हाणलं. तो पडला, तरी ती थांबली नाही.

"ह्यो कानाचा. ह्यो बोटाचा. ह्यो चुलीचा!"

माझ्या बायकोनं तिला मागून मिठी मारली, म्हणून तो वाचला. रक्त पार उंबऱ्यापर्यंत गेलं होतं. तो रांगत रस्त्यावर गेला. कुणी उचलायला आलं नाही.

दुसऱ्या दिवशी हात प्लास्टरमध्ये घेऊन मी साक्षीला उभा राहिलो. जबाबाखाली डाव्या अंगठ्याचा ठसा दिला. शिरस्तेदार हसला, "ग्रामसेवक होता ना तुम्ही?" न्यायाधीशांनी एकच विचारलं, नोंद करताना ती खोटी आहे हे माहीत होतं का? भीतीनं लिहिली असं सांगितलं असतं तर कदाचित सुटलो असतो. मी म्हणालो, "माहीत होतं." मग धोंडुबाईला बोलावलं. ती साक्षीला उभी राहिली आणि कुणी विचारायच्या आतच रडत म्हणाली, "बोळा हुता वो साहेब, बोळा हुता."

नोंद दुरुस्त झाली. शिवानी आईच्या ताब्यात आली. रक्त जुळल्याचा निकाल आला आणि अठरा वर्षांची होईपर्यंत हेनिंगनं तिला पोसायचं, असं तिथल्या कचेरीनं ठरवलं. आकारामला मारहाणीची शिक्षा झाली. माझ्यावरही खटला झाला, पेन्शन काही काळ अडकलं.

कचेरीचा तो कागद वकीलबाईंनी आमच्यासमोर वाचला. त्यात शेवटी होतं की पोसण्याची जबाबदारी अर्ज केल्यापासून धरली जाईल, मागची धरता येणार नाही.

"म्हणजे बारा वर्षं गेली?" मी विचारलं.

"गेली," वकीलबाई म्हणाल्या.

माझ्यानं मान वर करवेना. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी बायडाबाईला म्हणालो, "माझ्यामुळं गेली."

"व्हय, तुमच्यामुळंच," ती म्हणाली, आणि शिवानीच्या शाळेचा फॉर्म कुठं मिळतो ते वकीलबाईंना विचारू लागली.